१ लाख ४० हजार इंप्रेशन्स आणि एक इंडेक्स

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' निम्मे काढलेत. सगळे काढले असते तर ते माझं बोलणं वाटलं नसतं.)

आज पाहुणा नाहीये, मी एकटाच आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमचे बरेच मेसेज आले आणि त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच होता: "दादा, पर्सनल ब्रँड कसा बनवायचा?" थर्ड इयरच्या एकाने लिहिलं की तो लिंक्डइनवर रोज पोस्ट टाकतो, अकरा लाइक्स येतात आणि त्यातले चार घरचे असतात. मी हसलो. मग आठवलं, माझ्या पहिल्या पोस्टला नऊ होते आणि त्यातला एक माझाच होता, दुसऱ्या अकाउंटवरून.

तर आधीच सांगतो, हे शिकवणारा माणूस मी नव्हे. माझे फॉलोअर्स मोजायला फार वेळ लागत नाही. आजपर्यंत माझी एकच पोस्ट खऱ्या अर्थाने चालली. १ लाख ४० हजार इंप्रेशन्स. आणि आतापर्यंतच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर तिचीच. आज तेच सांगणार आहे.

पण हे खूळ डोक्यात शिरलं कसं, ते आधी.

'पर्सनल ब्रँड' हा प्रकार आपल्या पिढीने शोधलेला नाही बरं का. टॉम पीटर्स नावाच्या मॅनेजमेंटवाल्या लेखकाने १९९७ मध्ये 'फास्ट कंपनी' या अमेरिकन मासिकात यावर एक लेख लिहिला आणि तिथून हा शब्द सगळीकडे पसरला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही नोकरदार नाही, तुम्ही स्वतःच एक कंपनी आहात आणि जाहिरातही स्वतःचीच करायची. तेव्हा लिंक्डइन नव्हतंच, ते आलं २००३ मध्ये. आज तो लेख वाचला तर वाटतं, या माणसाने सल्ला दिला आणि पुढे कोणीतरी त्या सल्ल्याचं अ‍ॅप बनवलं.

माझ्या बाबतीत सुरुवात भीतीने झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार लोक काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार. आमची कंपनी यांच्यापुढे चिमुरडी, पण हवा सगळीकडे तीच होती. आमच्या कॉलेज ग्रुपमधल्या दोघांची नोकरी एकाच महिन्यात गेली. एकाला तीन आठवड्यांत दुसरी मिळाली, दुसऱ्याला सात महिने लागले. आता खरं सांगतो, सात महिने लागलेला पोरगा कोडमध्ये आमच्या सगळ्यांचा बाप होता. पण त्याला कोणी ओळखत नव्हतं. पहिल्याचे लिंक्डइनवर आठ हजार फॉलोअर्स होते. हिंजवडीच्या टपरीवर आम्ही याचा एकच अर्थ काढला.

माझे वडील कराडजवळ मोटर वाइंडिंगचं काम करतात. शेतातली मोटर जळाली की लोक त्यांच्याकडे भरायला आणतात. मोटर भरून झाली की ते तिच्या अंगावर ऑइल पेंटने तारीख आणि फोन नंबर लिहितात. झाली जाहिरात. त्या मोटरचं पाणी ज्याला मिळतं तोच पुढच्या गावात त्यांचं नाव सांगतो. आमच्या घरात स्वतःची टिमकी वाजवणं म्हणजे पाप, आणि वडिलांना ते परवडतंही, कारण त्यांचं गिऱ्हाईक दहा-बारा गावांत आहे. मला परवडत नाही. बेंगळुरूत बसलेल्या रिक्रूटरला माझ्या कोडवर पेंटने लिहिलेली तारीख दिसत नाही. म्हणून 'शांतपणे काम करत राहा, नाव आपोआप होतं' असं मी आजही कोणाला सांगत नाही. सात महिने बसून असलेला माझा मित्र शांतपणेच काम करत होता.

मग मी पोस्टी लिहायला लागलो. इंग्रजीत, अर्थातच. लिंक्डइनवर ३००० अक्षरांची मर्यादा आहे, पण फीडमध्ये पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि पुढे 'सी मोअर'. म्हणजे सगळा जीव त्या पहिल्या ओळीत. "मी नोकरी सोडली." सी मोअर. आत बघितलं तर नोकरी सोडल्याचं स्वप्न पडलेलं. असले उद्योग मीही केलेत. एक वाक्य, एक मोकळी ओळ, एक वाक्य, एक मोकळी ओळ. पुढे पुढे मी एआयला चार मुद्दे द्यायचो आणि ते मला पोस्ट करून द्यायचं. एकदा एका मित्राने माझी म्हणून जी पोस्ट वाचून दाखवली ती दुसऱ्याच कोणाची तरी होती, आणि खरं सांगतो, मला कळलं नाही. मी म्हणालो, "हो रे, ही मागच्या महिन्यात टाकली होती."

आकड्यांचा हा नाद आम्हा इंजिनियर लोकांना तसा आधीपासूनच. गिटहबवर वर्षभराचे हिरवे चौकोन असतात ना, ते बघून लोक कँडिडेट जोखतात असा समज आहे. पूर्वी तिथे सलग किती दिवस काम केलं त्याचा आकडाही दिसायचा, तो गिटहबने २०१६ मध्ये काढून टाकला. चौकोन मात्र राहिले. आणि गिटमध्ये कमिटची तारीख तुम्हाला हवी ती टाकता येते, त्यामुळे मागच्या वर्षीचे चौकोन आज बसून रंगवता येतात. तसं करून देणाऱ्या स्क्रिप्ट्स सहज मिळतात.

हॅक्टोबरफेस्ट आठवतंय का? दर ऑक्टोबरमध्ये ओपन सोर्सला हातभार लावायचा. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी इतक्या लोकांनी रीडमी फाइलमध्ये 'हे फार छान प्रोजेक्ट आहे' छापाचे शब्द घुसवून रिक्वेस्ट पाठवल्या, की प्रोजेक्ट सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यानेच तसं सांगायचं, बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही. त्या गर्दीत मीही होतो. माझ्या चारपैकी एक रिक्वेस्ट म्हणजे एक स्वल्पविराम होता. टी-शर्ट अजून आहे, आई त्याने फरशी पुसते.

असो. आता त्या पोस्टवर येतो.

आमच्या प्रॉडक्टमध्ये व्यापाऱ्यांसाठी एक पान आहे: गेल्या तीस दिवसांत किती पैसे जमा झाले त्याची यादी. ते पान उघडायला चार सेकंद लागायचे. मोबाइलवर चार सेकंद म्हणजे माणूस दोनदा मागे जाऊन परत येतो. हे काम माझ्याकडे आलं. मी बघितलं, तर यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी बँकेचं नाव आणायला कोड वेगळी क्वेरी मारत होता. पन्नास ओळी, पन्नास क्वेरी. मी त्यांची एकच केली. चार सेकंदांचे सव्वातीन झाले. तिथे मी अडकलो.

माझ्या टीममध्ये एक सीनियर आहेत. ऑफिसात मी त्यांना नावाने हाक मारतो पण अहो-जाहो करतो. पुण्याच्या आयटीत हा एक विचित्रच प्रकार आहे. त्यांनी क्वेरीवर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवलं, पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "इंडेक्स उलटा आहे रे." त्यांनी इंडेक्समधल्या कॉलमचा क्रम बदलून नवा बनवला, टेस्टिंगवर दोन दिवस तपासला आणि एका गुरुवारी रात्री अकरानंतर, ट्रॅफिक कमी असताना, प्रॉडक्शनवर टाकला. सव्वातीन सेकंदांचे ३०० मिलिसेकंद झाले. मी त्या रात्री कॉलवर होतो. म्हणजे म्यूटवर होतो.

रविवारी मी पोस्ट लिहिली. 'चार सेकंदांवरून ३०० मिलिसेकंद: मी हे कसं केलं.' इंग्रजीत 'आय'.

या 'आय'वर मी नंतर खूप विचार केला. स्टँडअपमध्ये आपण मराठी पोरं कसं बोलतो? "ते झालंय." "इंडेक्स टाकून झाला." कोणी टाकला, वाक्यात नाहीच. कर्ता गायब. पोस्टमध्ये तसं चालत नाही, तिथे कोणीतरी कर्ता लागतो आणि अकाउंट माझं होतं. मी खोटं ठरवून लिहिलं असं नाही... म्हणजे, हे मी स्वतःला सांगत होतो. खरं तर पोस्ट टाकण्याआधी एका जागी 'वी' लिहिलं होतं आणि ते खोडलं. 'आय'ने वाक्य जोरदार वाटत होतं. आणि 'वी' ठेवलं असतं तरी काय? 'टीम एफर्ट' म्हटलं की दिसायला नम्र दिसतं, पण त्यांचं नाव त्यातही आलं नसतंच.

बुधवारपर्यंत पोस्ट पळायला लागली. मी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होतो, जेवताना, लिफ्टमध्ये, बाथरूममध्येसुद्धा. शुक्रवारी कंपनीचा टाउनहॉल होता आणि डायरेक्टरने स्लाइडवर माझ्या पोस्टचा स्क्रीनशॉट लावला. माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. सीनियर माझ्या मागच्या रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या. मला तिथे उभं राहून एक वाक्य बोलता आलं असतं. माइक दोन खुर्च्या पलीकडे होता. मी हसून मान डोलावली.

नंतर चहाच्या मशीनपाशी त्या म्हणाल्या, "वाचली पोस्ट. इंग्लिश सुधारलंय तुझं." बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्या पोस्टमुळे मला एका कंपनीचा इंटरव्ह्यू आला. म्हणजे बघा, ब्रँडिंग चाललं! व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस शांत होता, पोस्ट आवडली म्हणाला. मग विचारलं, "इंडेक्समध्ये कॉलमचा क्रम कसा ठरवला? तारीख शेवटी का ठेवली?" मी कार्डिनॅलिटी वगैरे दोन-चार जड शब्द फेकले. त्याने विचारलं, "तारीख आधी ठेवली असती तर काय झालं असतं?" मी थांबलो. किती वेळ माहीत नाही, पण स्वतःचा चेहरा त्या छोट्या चौकोनात बघत थांबलो. मग म्हणालो, "हा भाग माझ्या सीनियरनी केला होता." तो म्हणाला, "ओके," आणि खाली बघून काहीतरी टाइप केलं. चार दिवसांनी नकाराचा मेल आला. इतरही कारणं असतील. मला ते टाइप करणंच आठवतं.

मी सीनियरकडे गेलो. माफी मागायला गेलो असं म्हणायला आवडेल, पण पहिला प्रश्न मी इंडेक्सचाच विचारला. त्यांनी वहीत लिहून समजावलं. त्यांच्या माहेरी किराणा दुकान आहे. म्हणाल्या, "रोजकीर्द आणि खतावणी माहितीये ना? रोजकीर्दीत तारखेप्रमाणे सगळ्या गिऱ्हाइकांचं एकत्र लिहिलेलं असतं. तुला एकट्या पाटलांची महिन्याची उधारी काढायची असेल, तर महिन्याचं सगळं बाड वाचावं लागेल. आपला जुना इंडेक्स तसा होता, आधी तारीख. खतावणीत प्रत्येकाचं पान वेगळं आणि त्या पानावर तारखा ओळीने. पान उघडलं की काम झालं. ज्याची बरोबर तीच किंमत हवीये, व्यापारी, स्टेटस, ते आधी. जिथे 'इथपासून इथपर्यंत' हवंय, तारीख, ती शेवटी." दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं मी पोस्टच्या आधी मागितली असती तर...

मग मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पोस्टचं राहू दे रे. पण मी अप्रेझलचा फॉर्म टाउनहॉलच्या आदल्या दिवशी भरला. त्यात पहिलं काम हेच लिहिलंय. आता वाचणाऱ्याला वाटणार, मी तुझं काम माझ्या नावावर लावलं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, फार तर मी थोडा फुकटचा मोठा झालो. त्याने दुसरं कोणी खोटं पडेल, असं वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी मॅनेजर आणि डायरेक्टर दोघांना मेल लिहिला: कुठला भाग माझा, कुठला त्यांचा, सोबत कमिटच्या लिंक्स. गिट या बाबतीत भारी आहे बघा. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ते बनवलं. त्यात कोड लिहिणारा वेगळा नोंदवला जातो आणि कमिट करणारा वेगळा. गिट ब्लेम चालवलं की प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी बदलली त्याचं नाव येतं. दोघांनी मिळून केलं असेल तर कमिटच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' लिहायचं, गिटहब २०१८ पासून दोघांचे फोटो दाखवतं. म्हणजे आमच्याच धंद्यात श्रेय लिहायची इतकी नीट सोय आहे, आणि मी गेलो कुठे, तर जिथे एकच फोटो असतो तिथे.

डायरेक्टरचं उत्तर आलं नाही. मॅनेजरचं आलं: "नोटेड, थँक्स." लिंक्डइनवरची पोस्ट एडिट करून वर दोन ओळी टाकल्या, सीनियरना विचारून, त्यांच्या नावाने. पण तोवर फीड पुढे गेलं होतं. वाचणारे वाचून गेले होते. त्या वर्षी सीनियरचं प्रमोशन झालं नाही. मी एकदा विचारलं, माझ्यामुळे का? त्या म्हणाल्या, "ते दरवर्षीच होत नाही. तू एवढा मोठा नाहीयेस." आता याने बरं वाटून घ्यायचं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर आता मी काय करतो. पोस्टी बंद केल्या नाहीत. दोन-तीन महिने केल्या होत्या, मग इथे पुन्हा कपातीची कुजबुज झाली आणि हात शिवशिवायला लागले. फरक इतकाच की आता एक वही आहे. ज्युलिया इव्हान्स नावाची एक प्रोग्रामर आहे, तिने २०१९ मध्ये 'ब्रॅग डॉक्युमेंट' या कल्पनेवर लिहिलं होतं: आपण केलेल्या कामाची यादी आपणच ठेवायची, कारण अप्रेझलच्या वेळी मॅनेजरला सोडा, आपल्यालाही आठवत नाही. मी शुक्रवारी चहा घेता घेता दहा मिनिटं लिहितो. काय केलं, काय मोडलं, कोणाला विचारलं. हे 'कोणाला विचारलं' माझं मीच वाढवलंय. तुमच्यात जे लाजरे आहेत, ज्यांना पोस्ट टाकायच्या नावानेच घाम फुटतो, त्यांनी निदान ही वही ठेवा. ती कोणाला दाखवायची नसते, आणि फॉर्म भरायच्या दिवशी हाताशी असते.

पोस्ट लिहायची झाली तर वहीतून उचलतो. ज्यावर कोणी तीन उलटे प्रश्न विचारले तर मला उत्तरं येतील, तेवढंच. बहुतेक वेळा ते फारच किरकोळ निघतं. परवाची पोस्ट टाइमझोनमुळे रात्री बारा ते साडेपाचचे व्यवहार आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये कसे जात होते, यावर होती. चूक माझीच होती. ती मराठीत लिहिली. २३ लाइक्स. एका मुलीने खाली लिहिलं की तिच्याकडेही हाच घोळ चाललाय आणि तिने कोड विचारला. आमचं दोन दिवस बोलणं झालं. रिक्रूटर कोणी आला नाही.

आणि आकडा मी अजूनही बघतो, बरं का. त्या २३ चे २४ झाले का, हे आज सकाळी उठल्या उठल्या बघितलं. ते सुटलेलं नाही.

हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी त्याचा सगळा मजकूर मी सीनियरना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्यांच्याबद्दल बोलायचं तर विचारायला हवं ना. नाव घालू का, असंही विचारलं. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. मी हा विषयच सोडून दुसरा काढणार होतो. काल रात्री उत्तर आलं: "नाव नको. बाकी चालेल. आणि ३०० नव्हते रे, २८० होते. डॅशबोर्ड बघ."

बघितला. २८० होते. पुढच्या भागात पाहुणा आहे, तोपर्यंत भेटू.